चूक कोणाची, लाज कोणाला

आठवीच्या वर्गावर अस्पृश्यतेचा पाठ चालला होता. पाणवठा, देऊळ, शाळा, रस्ता, कुठे कुठे माणसांना मज्जाव होता ते मी पोटतिडकीने सांगत होते. बोलता बोलता माझा आवाज भरून आला. वर्ग कधी नव्हे इतका शांत होता आणि पाठ मुलांच्या मनाला भिडला असं मला वाटत होतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलाने मान वळवून दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीकडे पाहिलं. मग त्याच्या शेजाऱ्याने पाहिलं. मग अर्ध्या वर्गाने. ती मुलगी मान खाली घालून वहीतली समासाची रेघ पेनाने गिरवत बसली. तास संपला तेव्हा त्या रेघेवर कागद फाटला होता.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं. काय बोलावं ते मला सुचेना. शेवटी तीच म्हणाली, "बाई, चूक माजी नाय होती, तरी लाज माकाच वाटली."

चार दिवसांनी त्याच वर्गातला एक मुलगा माझ्याकडे आला. त्यांच्या घरी पडवीतल्या कोनाड्यात एक कपबशी कायम उपडी घातलेली असते. लावणीला, नारळ पाडायला जी माणसं येतात, त्यांतल्या काहींना चहा त्याच कपातून मिळतो. चहा पिऊन झाला की कप त्यांनीच विसळायचा आणि होता तिथे ठेवायचा. जन्मापासून त्याने ती कपबशी रोज पाहिली होती, पण ती तिथे का आहे हे पाठानंतर त्याच्या ध्यानात आलं. त्याने आजीला विचारलं. आजी भडकली. घरात दोन दिवस अबोला होता. "बाई, पण मी काय केलंय?" तो मला विचारत होता. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात राग होता, आणि तो राग माझ्यावर होता.

त्या मुलीचं वाक्य आणि या मुलाचा प्रश्न मी आजवर विसरलेले नाही. माझ्या एकाच पाठाने जिला लाज वाटायचं काहीच कारण नव्हतं तिला लाज आणली होती, आणि ज्याच्या घरात काहीतरी बदलायला हवं होतं त्याला नुसतंच दुखावून सोडून दिलं होतं. प्रस्तुत पुस्तिका त्या चुकीची भरपाई आहे. आठवी ते दहावीच्या वर्गांत सामाजिक न्याय शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी तिच्यात पाठ आहेत. पाठ सुरू करण्याआधी ज्या प्रश्नाचा विचार करायला हवा, तो या प्रस्तावनेत मांडते: मुलांच्या मनात अपराधीपणाची भावना जागी करावी का, आणि केली तर तिचं पुढे काय करावं?

या भावनेसाठी आपल्या भाषेत बरेच शब्द आहेत आणि ते एकाच अर्थाचे नाहीत. आपल्या हातून काही राहून गेलं की चुटपुट लागते. झालं ते बदलता येत नाही म्हणून वाटते ती खंत. चारचौघांत उघडे पडलो की लाज. आणि कोणी पाहत नसतानाही मन खातं, ती टोचणी. लाज बघणाऱ्यांच्या नजरेतून येते, म्हणून ती चुकीच्या माणसालाही वाटू शकते. माझ्या वर्गात नेमकं तेच झालं. टोचणी आतून येते आणि तिच्यामागे एक कबुली असते, की या गोष्टीशी माझा काहीतरी संबंध आहे. सामाजिक न्यायाच्या शिक्षणात टोचणीला जागा आहे, लाजेला नाही, हे या पुस्तिकेचं पहिलं गृहीत आहे.

टोचणीच नको, मुलांना नुसती माहिती द्यावी, असं म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. त्यांची काळजी मला समजते. कोवळ्या मनावर ओझं टाकू नये, हे खरंच आहे. पण नुसत्या माहितीने काय होतं तेही मी उत्तरपत्रिकांत पाहिलं आहे. संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, हे वाक्य मुलं बिनचूक लिहितात. १९५५चा कायदा, १९८९चा कायदा, सगळं पाठ असतं. पूर्ण गुण मिळवणारी तीच मुलं डबा खायला कोणाशेजारी बसायचं आणि कोणाशेजारी नाही हे घरून ठरवून आलेली असतात, आणि या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं त्यांना वाटतही नाही. न्याय त्यांच्यासाठी दोन गुणांचा प्रश्न होऊन बसतो. अशा वेळी मनाला काहीतरी टोचावं लागतं. मात्र टोचल्यावर माणसाने काय करायचं, हे दाखवायची जबाबदारी शिक्षकाची आहे.

ते दाखवणारा माणूस आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात होऊन गेला. मालवणहून कट्टा, कसाल करत कणकवलीकडे निघालं की कणकवलीच्या अलीकडे वागदे गाव लागतं. तिथे गोपुरी आश्रम आहे. सीताराम पुरुषोत्तम तथा आप्पासाहेब पटवर्धन यांनी तो १९४८ साली उभा केला. आप्पासाहेब १८९४ साली जन्मले, १९७१ साली गेले. एम. ए. झालेला, प्राध्यापकी केलेला हा ब्राह्मण माणूस गांधीजींच्या हाकेने बाहेर पडला आणि रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव काम करू लागला. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ला वेगळा झाला. तोवर मालवण, देवगड, कणकवली हा सगळा मुलूख रत्नागिरीतच होता. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत.

१९३२ साली आप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातला मैला साफ करण्याचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडूनच करून घेतलं जाई. आप्पासाहेबांनी ते काम स्वतःला मागितलं. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असं उत्तर आलं. त्यांनी अन्न कमी केलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींना हे कळल्यावर त्यांनी ३ डिसेंबर १९३२ला सहानुभूतीचं उपोषण सुरू केलं. सरकारने या मागणीचा विचार करण्याचं मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी ते सुटलं.

हा प्रसंग मुलांना सांगितला की एक प्रश्न येतोच आणि यायलाच हवा. तुरुंगाचा तो नियम आप्पासाहेबांनी केला होता का? नाही. मग त्यांना का टोचलं? कारण त्या नियमाचा फायदा त्यांना मिळत होता. इतरांना सक्तीने करावं लागणारं काम केवळ जन्मामुळे त्यांच्या वाट्याला येत नव्हतं. कोनाड्यातल्या कपबशीबद्दल विचारणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी हेच सांगायला हवं होतं. बाळा, तू काही केलेलं नाहीस, पण कपबशी तुझ्या घरात आहे आणि आता ती तुला दिसली आहे. पहिल्या वाक्याने त्याच्या मनावरचं नको ते ओझं उतरलं असतं आणि दुसऱ्याने हवं ते त्याच्या हाती आलं असतं. मी त्याला यांतलं काहीच दिलं नाही. नुसती समजूत घालून परत पाठवलं.

आप्पासाहेबांचं पुढचं काम शिक्षकाच्या दृष्टीने याहूनही मोलाचं आहे. मेलेली गुरं ओढून नेणं आणि त्यांचं कातडं सोडवणं हे ज्यांच्यावर लादलेलं होतं त्यांच्याच नावाने हिणवलं जाणारं काम. ते आप्पासाहेब स्वतः शिकले. गोपुरीत त्यांनी चर्मालय काढलं. आणि संडासाच्या प्रश्नाशी ते वर्षानुवर्षं झटत राहिले. मैला मातीखाली कुजावा, त्याचं खत व्हावं आणि कोणाही माणसाला तो डोक्यावरून वाहून न्यावा लागू नये, अशी संडासाची रचना त्यांनी बसवली. 'गोपुरी संडास' या नावाने ती ओळखली जाते. तुरुंगात त्यांनी झाडू मागितला तो स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी होता असं कोणी म्हणू शकेल. पण हा संडास दुसऱ्याचं ओझं कायमचं उतरवण्यासाठी होता. टोचणीतून माणूस विटा-मातीच्या, खड्ड्याच्या, खताच्या कामापर्यंत पोचला. मैला वाहण्याच्या कामाला कायद्याने बंदी यायला या देशात १९९३ उजाडलं आणि तो कायदा अपुरा ठरला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. हे पाहिलं की आप्पासाहेब किती आधी मूळ प्रश्नाला भिडले होते ते कळतं.

तरीही नुसते आप्पासाहेब शिकवले तर पाठ अर्धाच राहील. सवर्णांनी प्रायश्चित्त घ्यावं, ही गांधीजींची भूमिका होती. प्रायश्चित्तात नजर कोणावर असते? प्रायश्चित्त घेणाऱ्यावर. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या गोष्टीत मागे उभा राहतो. एका प्राध्यापकाने झाडू मागितला म्हणून देशाचं लक्ष रत्नागिरीकडे गेलं, पण पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातात तो सक्तीने दिला गेला त्यांच्यासाठी ते आधी का गेलं नाही? नववी-दहावीच्या मुलांना हा प्रश्न पेलतो. तो त्यांच्यापुढे जरूर ठेवावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या याच सुमारास यावर लिहिलं होतं. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२चा. त्यानंतर अस्पृश्यता निवारणासाठी नवा संघ स्थापन झाला आणि ठक्करबाप्पा त्याचे चिटणीस झाले. नोव्हेंबर १९३२मध्ये तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना सविस्तर पत्र पाठवलं. माणसांची एकेकटी सुधारणा करत बसण्यापेक्षा पाणवठे, शाळा, चावड्या खुल्या करण्यासाठी, नागरी हक्कांसाठी आणि रोजगारातल्या समान संधीसाठी गावोगाव मोहीम काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे नोव्हेंबरात हे पत्र आणि डिसेंबरात आप्पासाहेबांसाठीचं उपोषण. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी एकाच तासाला शेजारी शेजारी ठेवाव्यात असं मी सुचवते. एकीत मनाची टोचणी दिसते, दुसरीत हक्काची मागणी. टोचणी लागलेल्या माणसाने हक्क मागणाऱ्याचं ऐकायचं असतं आणि त्याने दाखवलेल्या कामाला लागायचं असतं, हे मुलांना त्यातून आपोआप उमगतं.

महाडच्या इतिहासात याचं उदाहरण आहेच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावरचं पाणी कोणाच्या ओंजळीत आलं नाही. ते २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर चालत गेली तेव्हा आलं. मग तळं बाटलं म्हणून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळण्याचा जो ठराव झाला तो मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते ब्राह्मण होते. आपल्या घराण्याच्या वाट्याला आलेल्या मोठेपणाबद्दल त्यांनी सभेत अश्रू ढाळले नाहीत. ते चळवळीत शिरले, आणि नेतृत्व ज्यांचं होतं त्यांच्याकडेच राहू दिलं. खंडाळ्याच्या घाटाएवढी लांब व्याख्यानं जे शिकवू शकत नाहीत, ते सहस्रबुद्ध्यांचं हे वागणं शिकवतं. तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १७ मार्च १९३७ला. दहा वर्षं लागली. तेही मुलांना सांगावं.

आणि म्हणून पाठाची सुरुवात कुठून करायची हे महत्त्वाचं आहे. मी सुरुवात केली होती सोसण्यापासून. त्यामुळे माझ्या वर्गात एक मुलगी बिचारी ठरली आणि बाकीचे प्रेक्षक झाले. उर्मिला पवारांच्या 'आयदान' या आत्मकथनात शाळेत मास्तरांनी शेण काढायला सांगितल्याची आठवण आहे. पण तिथेच बांबूची आयदानं विणणारी त्यांची आई मास्तरांना जाब विचारायला उभी राहते. पाठ त्या आईपासून सुरू करावा. चवदार तळ्यावर चालत जाणाऱ्या माणसांपासून सुरू करावा. ज्या मुलीने त्या दिवशी समासाची रेघ गिरवली, तिला मान वर करून ऐकता येईल अशी सुरुवात असावी. ज्या मुलांच्या घरात कपबशी आहे त्यांनाही मग अन्याय करणाऱ्यांच्या रांगेत कोंबल्यासारखं वाटत नाही. कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे त्यांना ठरवता येतं.

मालवणी मुलुखातल्या मुलांना हे समजावताना मला गाऱ्हाण्याचा फार उपयोग झाला. देवळात नारळ वाढवण्याआधी गावकार गाऱ्हाणं घालतो. लेकरांकडून काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, असं तो म्हणतो आणि जमलेली सगळी माणसं एकदम म्हणतात, "व्हय म्हाराजा!" या रीतीत दोन गोष्टी आहेत. चूक एकट्याची म्हणून सांगितली जात नाही, ती सगळ्या लेकरांची असते. आणि ती बोलून झाल्यावर कोणी तिथे रडत बसत नाही. पुढे काय करायचं याचा शब्द दिला जातो, मग नारळ वाढवतात आणि माणसं कामाला लागतात. वर्गात मी मुलांना हे सांगते आणि लगेच विचारते, की ज्या माणसांना पिढ्यान् पिढ्या देवळाच्या आत येऊन हे गाऱ्हाणं ऐकता आलं नाही, त्यांच्या बाबतीत झालेली चूक या गाऱ्हाण्यात कधी कोणी बोलून दाखवली का? वर्ग गप्प होतो. ती शांतता माझ्या पहिल्या पाठातल्या शांततेपेक्षा वेगळी असते. कारण त्या वेळी कोणी कोणाकडे वळून पाहत नाही, जो तो आपल्या घराकडे पाहत असतो.

जगात इतरत्रही हा प्रश्न लोकांनी सोडवायचा प्रयत्न केला आहे. युद्धात हरलेल्या जर्मनीत तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली अपराधाचे चार प्रकार वेगळे काढले. त्यांच्या मते गुन्हा ज्याने केला त्याचाच असतो. पण आपल्या राज्याने जे केलं त्याच्या परिणामांची राजकीय जबाबदारी सगळ्या नागरिकांवर येते. आजोबांचा गुन्हा नातवाच्या माथी मारायचा नाही आणि तरी त्याला जबाबदारीतून सोडायचंही नाही, ही वाट त्यातून सापडते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी आणखी एक धोका दाखवला. वरच्या थरातल्या माणसाला आपण जुलमाचे भागीदार आहोत हे कळलं की तो बेचैन होतो, पण ती बेचैनी शमवायला तो बहुधा दानधर्म करतो आणि घेणाऱ्याला आपल्या उपकाराखाली ठेवतो. जुने कपडे वाटून शाळेच्या कार्यक्रमात फोटो काढणाऱ्या आपण सगळ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अन्याय फक्त इतिहासात नाही, म्हणून या पुस्तिकेतले शेवटचे पाठ आजचे आहेत. आपल्या शाळांच्या भिंती ज्या चिऱ्याच्या आहेत, तो चिरा खाणीतून काढायला उत्तर कर्नाटकातून आलेली कुटुंबं खाणीच्या काठावर पालं ठोकून राहतात. त्यांची मुलं कुठल्या शाळेत जातात? देवगडच्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून आलेली माणसं बायकामुलांसह बागेतच राहतात. त्यांची मुलं कोणत्या भाषेत शिकतात? या प्रश्नांची उत्तरं मुलांनी स्वतः आपल्या गावात शोधून काढायची आहेत. त्यांत कोणाला पकडायचं नाही, कोणाचं नाव वर्गात घ्यायचं नाही. पण माहिती गोळा झाल्यावर ग्रामपंचायतीला, शाळा व्यवस्थापन समितीला एक अर्ज मुलांनी स्वतः लिहायचा आहे.

पाठ वापरणाऱ्या शिक्षकांना माझ्या चुकीतून शिकलेल्या काही गोष्टी सांगते. वर्गातल्या कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा, वस्तीचा किंवा घराचा नमुना करू नका. आपणहून कोणी बोललं तर ऐका, बोलायला लावू नका. घरच्या मोठ्यांशी भांडायला मुलांना पाठवू नका. आजीशी कसं बोलावं याची तयारी वर्गातच करून घ्या, कारण त्या मुलाला राहायचं त्याच घरात आहे. टोचणी लागलेल्या मुलांना दलित मित्रमैत्रिणींकडे माफी मागायला पाठवू नका. माफ करण्याचं नवं ओझं त्यांच्या डोक्यावर का ठेवायचं? आणि पाठ घेण्याआधी स्वतःच्या घराच्या कोनाड्यांतून एकदा नजर फिरवा. शिक्षकाने आपला हिशेब मांडलेला नसेल तर मुलांना ते लगेच कळतं.

त्या मुलीची मी पुढे क्षमा मागितली, एकटीला बोलावून, आणि तिच्याकडून काही उत्तराची अपेक्षा न ठेवता. ती काही बोलली नाही. ते तिने बोलायलाच हवं असं नव्हतं. पुढच्या वर्षी तोच पाठ मी महाडपासून सुरू केला.

शिक्षकमित्रांनो, या पुस्तिकेतले पाठ तुमच्या गावाप्रमाणे बदला, वाढवा, नको ते गाळा. एवढीच विनंती आहे, की मुलाच्या मनाला टोचेल असं काही सांगितलंत तर तास संपण्याची घंटा होण्याआधी त्याच्या हाती करण्यासारखं एक काम द्या. काम देता येणार नसेल, तर त्या दिवशी तो पाठ घेऊ नका.